चाओती मावशीच्या पाटाला ताप आला

जान चाओती हे नाव तिच्या आजोबांनी ठेवलं. ‘धाकट्या भावाला बोलावून आण’ असा त्याचा अर्थ. पोरीने इमानेइतबारे बोलावलं, पण आल्या त्या पाठोपाठ चार बहिणी. “आजोबा मरेपर्यंत माझ्यावर रुसून होते,” असं मावशी सांगते आणि स्वतःच इतकी हसते की समोरच्याला हातातला चहा खाली ठेवावा लागतो. पाचांत थोरली, म्हणून सहावीनंतर शाळा सुटली. दोन वर्षं बहिणी सांभाळल्या आणि चौदाव्या वर्षी ती तैवानातल्या ताइचुंगच्या टेकडीखालच्या एका यंत्रांच्या कारखान्यात लागली. तिथे सेहेचाळीस वर्षं तिने एकच काम केलं. लोखंड खरवडलं.

नाक मुरडू नका. इतर यंत्रांचे भाग कापणारं जे मोठं यंत्र असतं ना, त्याची बैठक सपाट लागते. सपाट म्हणजे तुमच्या जेवणाच्या टेबलासारखी नव्हे. केसाच्या जाडीचे सत्तर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन, आणि बैठकीत दोन-तीन मायक्रॉन इकडेतिकडे झाले की पुढचं सगळं वाकडं. हे शेवटचे मायक्रॉन माणूस हाताने काढतो. लांब दांड्याचं, पटाशीसारखं एक हत्यार असतं. त्याचा दांडा कमरेच्या हाडाशी टेकवायचा आणि अख्ख्या अंगाने पुढे रेटायचं. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कपचा निघतो. कुठे रेटायचं ते शेंदूर सांगतो. एक अगदी सपाट केलेला लोखंडी पाट असतो, त्यावर शेंदूर फासायचा आणि आपला तुकडा त्यावर पालथा घासायचा. जिथे लाल लागलं तिथे उंचवटा. तो खरवडायचा, परत घासायचं. असं करत करत तुकड्यावर सगळीकडे सारखे लाल ठिपके उठले की काम झालं. हे मला दोन वर्षांत पाठ झालंय, आणि मी तर नुसती कार्यालयात बसणारी.

मी फांग. टेकडीवरच्या तंत्रविद्यापीठात यंत्रविभागाची सहायक. विभागात प्राध्यापक अकरा, फॉर्म अकराशे आणि मी एकटी.

आमच्या डीन वेईसाहेबांना ‘भविष्य’ या शब्दाचं व्यसन आहे. त्यांनी जुनी कर्मशाळा रंगवून घेतली, दारावर ‘भविष्य कौशल्य केंद्र’ अशी पाटी लावली, आत तीन मोठे पडदे बसवले आणि लोखंड खरवडणारा एक यांत्रिक हात आणला. हात झकास खरवडायचा. फक्त थांबायचं कधी ते त्याला कळत नसे. पहिल्याच महिन्यात त्याने एका बैठकीची पार चाळण केली. मग एके दिवशी आसपासचे कारखानदार चहाला आले आणि त्यातला एक म्हातारा म्हणाला, “डीनसाहेब, तुमची पोरं हुशार आहेत हो, वाद नाही. पण यंत्र बिघडलं की ती पडद्याकडे बघतात. लोखंडाकडे बघणारं माणूस आता आमच्याकडे एकच उरलंय आणि ती बाई पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय.”

डीनसाहेब तसे चलाख. पुढच्या महिन्यात यांत्रिक हात चादरीखाली गेला, त्याने रुसू नये म्हणून त्याच्या डोक्यावर आम्ही, यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ठेवतात ते, हिरव्या पाकिटातले कुरकुरे ठेवले, आणि चाओती मावशी माझ्यासमोर फॉर्म भरायला येऊन बसली.

“शिक्षण?” मी विचारलं.

“सहावी.”

“पदव्या?”

“चार. चार बहिणींची लग्नं लावलीत.”

मी त्या रकान्यात ‘सेहेचाळीस वर्षांचा अनुभव’ असं लिहिलं. त्या क्षणापासून ती मला आवडायला लागली, हे आत्ताच सांगून टाकते. मग पुढे मी कोणाची बाजू घेतेय असं म्हणायला नको.

पहिल्या तुकडीत सातजण आले. त्यातली शिए यी-जेन ही पोरगी संगणकात अशी तरबेज की प्राध्यापकच तिला घाबरून असत. पण पहिल्या आठवड्यात तिने हत्यार रेटलं आणि स्वतःच मागे जाऊन आपटली. तिसऱ्या आठवड्यात तिची आई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. “माझ्या पोरीच्या कमरेवर हा एवढा काळानिळा डाग आहे! तुम्ही विद्यापीठ चालवता की आखाडा?” मी तिला मावशीकडे नेलं. मावशीने सदरा जरासा वर केला आणि आपल्या कमरेवरचा घट्टा दाखवला. आईने तो बोटाने चाचपला. मग दोघींनी बसून बोर-आल्याचा चहा घेतला आणि जाताना ती बाई पोरीला म्हणाली, “उजव्या बाजूलाच का गं? डावीकडूनही रेट की, सारखं होईल.”

यी-जेनने हत्याराला संवेदक बसवले आणि मावशीच्या रेट्याचा आलेख पडद्यावर काढला. मावशी चष्मा लावून बघत राहिली. “ही मी?” तिने विचारलं. “सेहेचाळीस वर्षं रेटतेय, पण स्वतःला कधी बघितलं नव्हतं.” त्या दिवसापासून तीही रोज पाच मिनिटं आलेख वाचायला शिकू लागली, आणि शिकताना पोरांपेक्षा जास्त प्रश्न विचारायची. पोरं वैतागायची. मला गंमत वाटायची.

आता खरा पेच सांगते. अभ्यासक्रम दोन वर्षांसाठी, प्रयोग म्हणून होता. दोन वर्षांनी ताइपेहून तज्ज्ञांची समिती येणार आणि तो कायमचा ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार. त्यांची अट एकच होती. शिकल्याचं फळ मोजून दिसलं पाहिजे. म्हणजे पोरांनी खरवडलेले तुकडे समितीसमोर पाटावर घासायचे आणि लाल ठिपके मोजून दाखवायचे. नाही जमलं तर केंद्रात आणखी पडदे येणार, पाट भंगारात जाणार आणि मावशी घरी.

आदल्या आठवड्यात ती माझ्या टेबलापाशी बसून पेरू खात होती. अचानक म्हणाली, “घरी बसायचं मला काही नाही गं फांग. बसेन. पण कारखान्यात माझ्या हाताखाली कोणी आलंच नाही. आता इथे सातजण आलेत आणि कुठे जरा त्यांचे हात बसायला लागलेत. हे बंद झालं की माझ्याबरोबरच गेलं सगळं.” मग उरलेला पेरू माझ्यासमोर ठेवून उठून गेली. मला तो खाववला नाही.

समिती यायची त्या दिवशी पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. या दिवशी आमच्याकडे दुकान असो की कारखाना, दारात टेबल मांडून जमिनीच्या देवाला नैवेद्य दाखवतात. विभागात हे काम को पो-युआन करायचा. सातांतला सर्वांत भाविक पोरगा. त्याची आई बाजारात उकडलेल्या कोंबड्या विकते, म्हणून नैवेद्यही त्याच्याच घरचा. पण त्या दिवशी डीनसाहेबांनी दारात दोन्ही बाजूंना फुलांचे उंच स्टँड उभे केले होते आणि हुकूम सोडला होता, “दारात टेबल नाही, धूर नाही! समितीला भविष्य दिसलं पाहिजे, कोंबडी नाही!”

पो-युआन बिचारा कोंबडी, डुकराच्या मांसाचा तुकडा आणि तळलेला मासा घेऊन दारात उभा. देवाला उपाशी ठेवायचं? तेही आजच्या दिवशी? तो आत आला, इकडेतिकडे बघितलं आणि केंद्रातली सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात सपाट जागा शोधली. स्वच्छ वर्तमानपत्र अंथरलं. त्यावर, पातेल्यातून नुकतीच काढलेली, वाफा निघणारी कोंबडी ठेवली.

जागा कोणती ते तुम्ही ओळखलंच असेल.

एवढ्यावरही भागलं असतं. पण देवाचं जेवण झालं की नाही हे विचारल्याशिवाय नैवेद्य उचलत नाहीत. लाकडाच्या चंद्रकोरीसारख्या दोन फोडी जमिनीवर टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली तर ‘झालं’. दोन्ही पालथ्या तर ‘अजून नाही’. दोन्ही उताण्या तर देव हसतोय, थोड्या वेळाने विचार. पो-युआनने साडेनवाला टाकल्या. अजून नाही. पावणेदहाला टाकल्या. अजून नाही. दहाला देव हसला. सव्वादहाला परत हसला. अकरा वाजता कुठे देवाचं पोट भरलं. पो-युआन अगदी कृतार्थ. नैवेद्य उचलून त्याने पाट कोरड्या फडक्याने पुसलाही.

सव्वाअकराला यी-जेनने शेवटची तालीम म्हणून आपला तुकडा शेंदूर लावलेल्या पाटावर घासला, उलटून बघितला आणि किंचाळली. कालपर्यंत तुकडाभर दाटीने ठिपके होते. आज मधोमध एकच लाल ठप्पा, कपाळावर मळवट भरावा तसा. बाकी सगळं कोरं. दुसऱ्याचा तुकडा, तोच ठप्पा. तिसऱ्याचा, तोच. एकाने तर घाईघाईने हत्यार उचललं आणि तो उंचवटा खरवडायला निघाला.

“हात लावशील तर बघ!” दारातून मावशी ओरडली. तिला कधी असं ओरडताना मी ऐकलं नव्हतं. ती आली, डोळे मिटले आणि तळहात पाटाच्या मधोमध ठेवला. मग कडेला ठेवला. मग परत मध्ये.

“तुमचे तुकडे बरोबर आहेत,” ती म्हणाली. “पाटाला ताप आलाय.”

मग पो-युआनचा चेहरा हळूहळू शेंदरासारखा लाल होत गेला. “मावशी... कोंबडी...”

“कोंबडी काय?”

“कोंबडी गरम होती. दीड तास. देव जेवतच होता, मी काय करू!”

पाटाचा वरचा भाग तापून मध्ये फुगला होता. किती, तर चार-पाच मायक्रॉन. म्हणजे डोळ्यांना काहीच नाही, आणि आमच्या नशिबाला भरपूर. मला वाटलं मावशी आता रडणार. ती पोटाशी हात धरून खालीच बसली आणि हसायला लागली. असं हसली, असं हसली की यी-जेन तिची पाठ चोळायला लागली. “सेहेचाळीस वर्षांत,” मावशी धापा टाकत म्हणाली, “सेहेचाळीस वर्षांत उन्हाने बिघडलेला पाट बघितला, दिव्याने बिघडलेला बघितला... कोंबडीने! अरे पो-युआन, देव हसत होता ना? तो यालाच हसत होता!”

मग सगळेच हसले. भीती होती म्हणूनच जास्त हसलो बहुतेक.

हसणं थांबल्यावर मी विचारलं, “पंखे आणू का?”

“मुळीच नको. वारा एका बाजूने लागला की तो आणखी वाकडा होईल. दिवे बंद, माणसं बाहेर आणि तीन तास त्याला एकटं सोडायचं. बस.”

तीन तास! समिती बाराला येणार, डबे खाणार, साडेबाराला डीनसाहेबांची भविष्यावरची चित्रफीत आणि एक वाजता प्रात्यक्षिक. मी कार्यक्रमपत्रिका हातात घेतली. मूळ पत्रिका मीच टाइप केली होती आणि तीत जेवणानंतर वामकुक्षीला एक तास ठेवला होता. डीनसाहेबांनी तो खोडून तिथे चित्रफीत घातली होती. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय शिरलं ते देव जाणे, तोच ज्याचं पोट भरलं होतं.

समिती आली. चार प्राध्यापक आणि अध्यक्षा शाओबाई, सत्तरीच्या, करड्या केसांच्या, न हसणाऱ्या. सभागृहात मी त्यांना डबे वाढले. डबे तगडे होते, तळलेल्या मांसाचे, वर अंडं. साडेबारा वाजले. डीनसाहेब घसा खाकरून पडद्याकडे निघाले, आणि मी दिवे बंद केले. सगळेच. पडदेही ओढले.

आता आमच्याकडे काय आहे, पहिलीपासून दुपारी जेवण झालं की दिवे जातात आणि वर्ग बाकावर डोकं टेकतो. हे हाडात मुरलेलं असतं. अंधार झाला आणि ताइपेच्या त्या पाच विद्वानांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. पाचही जणांनी टेबलावर हात दुमडले आणि पाच डोकी खाली गेली. दोन मिनिटांत एकाने घोरायला सुरुवात केली.

“मिस फांग!” डीनसाहेब अंधारात कुजबुजले. “हे काय चाललंय?”

“शूऽऽ! साहेब, शाओबाई झोपल्यात.”

“माझी चित्रफीत...”

“उठवू का त्यांना? तुम्ही म्हणाल तर उठवते.”

थोड्या वेळाने डीनसाहेबही कोपऱ्यातल्या टेबलावर आडवे झाले. मी एकटीच जागी, घड्याळाकडे बघत. दीड वाजला. कोणी हललं नाही. दोन वाजले. अध्यक्षाबाई उठत नाहीत तोवर दुसरा कोण उठणार? दोन वीसला त्यांनी डोकं वर केलं, गालावर बाहीच्या शिवणीचा वळ घेऊन. “फार दिवसांनी,” त्या म्हणाल्या आणि चष्मा शोधायला लागल्या.

तोंडं धुऊन अडीच वाजता सगळे केंद्रात पोचले. तापमान मोजणारं यंत्र पाटाच्या कडेला लावलेलं होतं, त्यावर तेवीस अंश. खोलीतही तेवीस. डीनसाहेबांनी हात चोळले. “चला, करा सुरू!”

मावशीने शेंदराची वाटी उचलली नाही. ती यी-जेनकडे वळली. “तू सांग. झालं का?”

आज यी-जेनला ठरवायला लावणार हे तिने आधी कोणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही. यी-जेनने यंत्राकडे बघितलं. मग डोळे मिटून तळहात पाटाच्या मध्यावर ठेवला. मग कडेला.

“अजून नाही,” ती म्हणाली.

“अगं, तेवीस दाखवतंय!” डीनसाहेब.

“ते कडेला लावलंय, सर. कड गार झालीय. मध्य नाही.”

शाओबाई पुढे आल्या. त्यांनी आपला हात मध्यावर ठेवला, कडेला ठेवला. “मला तर काहीच फरक कळत नाही,” त्या म्हणाल्या. “मुली, तुला हे ठाऊक आहे ना, की आम्हाला चारची गाडी आहे? आणि तुमचा अभ्यासक्रम आज ठरणार आहे?”

“ठाऊक आहे,” यी-जेन म्हणाली. “आत्ता घासलं तर चुकीचं दिसेल. चांगलं दिसलं तरी चुकीचंच असेल. मी नाही घासणार.”

मी मावशीकडे बघितलं. ती पाटाला हातही न लावता, हात मागे बांधून उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

“पण पाट तापलाच कसा?” शाओबाईंनी विचारलं.

मग पो-युआन एक पाऊल पुढे आला, कमरेत वाकला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. कोंबडी, वर्तमानपत्र, चंद्रकोरी, दोनदा ‘अजून नाही’, दोनदा हसणारा देव. डीनसाहेबांनी डोळे घट्ट मिटून घेतले. शाओबाईंचा चेहरा तसाच होता. एवढंच दिसलं की त्यांच्या खांद्यांना काहीतरी होतंय. मग त्या फुटल्याच. चष्मा काढून पुसायला लागल्या. “म्हणजे मी... म्हणजे आम्ही सगळे दोन तास... कोंबडीमुळे झोपलो?”

“तुम्हाला गरज होती,” मावशी म्हणाली. “पाटालाही.”

मग वाट बघायचीच म्हटल्यावर ती कोंबडी पाहिजेच की. पो-युआनने ती तोडून आणली, सोया आणि आल्याबरोबर. समितीने बाहेरच्या ओट्यावर उभ्याने खाल्ली. डीनसाहेबांनी आधी नको म्हटलं आणि मग तंगडी घेतली. तीन वाजून दहा मिनिटांनी यी-जेनने परत तळहात ठेवला, या वेळी फार वेळ नाही. “आता,” ती म्हणाली. शेंदूर फासला, तुकडा घासला, उलटला. कडेपासून कडेपर्यंत ठिपकेच ठिपके. शाओबाईंनी मोजायला भिंग मागितलं, थोडे मोजले आणि भिंग खाली ठेवलं.

“मोजण्यासारखं फळ आम्ही मागितलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते मला अर्ध्या तासापूर्वीच मिळालं.”

अभ्यासक्रम कायम झाला. समितीच्या पत्रात एक अट होती आणि ती मी तीनदा वाचली. नवव्या आठवड्यात पाटावर गरम कोंबडी ठेवून ‘केव्हा घासायचं’ हे विद्यार्थ्यांकडून ठरवून घ्यावं. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत हे वाक्य मी स्वतः टाइप केलं आणि विद्यापीठात नोकरी केल्याचं पहिल्यांदाच सार्थक वाटलं.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं. सेहेचाळीस वर्षं कारखान्यात आणि दोन वर्षं आमच्याकडे, मावशीला कधी एक मिनिट उशीर झाला नव्हता. रोज साडेसातला तिची स्कूटर दारात. त्या दिवशी आठ वाजले, नऊ वाजले. पोरं आत कामाला लागली होती, त्यांना पत्ताच नव्हता. मी फोन हातात घेतला आणि साडेनऊला स्कूटर आली.

“मावशी! बरं आहे ना? काय झालं?”

“काही नाही. झोपले होते.” तिने हेल्मेट काढलं. आतून हत्यारांचा खरखर आवाज येत होता. तिने थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि आत गेलीच नाही. माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसली आणि पिशवीतून पेरू काढला.

“आत नाही जायचं?” मी विचारलं.

मावशीने पेरूचे दोन भाग केले आणि मोठा माझ्यापुढे सरकवला. “जाईन की. आहेत ना आत ती.”